पंचवीस रुपये दरमहा

ऑगस्ट १९७९ मध्ये इंदूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी एका वकिलाला हुकूम केला, की त्याने तलाक दिलेल्या बायकोला दरमहा २५ रुपये पोटगी द्यावी. बायकोने मागितले होते ५००. नवऱ्याची वकिलीची कमाई वर्षाला ६०,००० रुपयांच्या आसपास आहे, असे तिचे म्हणणे होते. तिचा आकडा खरा धरला, तर महिन्याच्या पाच हजारांतला दोनशेवा हिस्सा तिच्या वाट्याला आला. संसार झाला होता त्रेचाळीस वर्षांचा.

तिचे नाव शाहबानो बेगम, नवऱ्याचे मोहम्मद अहमद खान. पुढची सात वर्षे हे प्रकरण इंदूरहून दिल्लीला गेले, संसदेत पोहोचले, सरकारच्या गळ्याशी आले आणि देशाच्या राजकारणात कायमचे रुतून बसले. त्यावर लिहिले गेले ते बहुतेक दिल्लीत बसून. धर्म, राज्यघटना, मतपेढी हे शब्द त्यात पानोपानी सापडतात. २५ रुपये मात्र पहिल्या परिच्छेदात येतात आणि पुन्हा दिसत नाहीत.

मराठी माणसाला इंदूर परके नाही. होळकरांचा राजवाडा, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली आणि खजरान्याचा गणपती पाहिल्याशिवाय इंदूरची सहल पुरी होत नाही. अहिल्याबाईंनी बांधल्याचे सांगतात त्या गणपतीला नारळ फोडून बहुतेक मंडळी माघारी फिरतात. शहराने गिळलेल्या खजराना या जुन्या गावात नाहरशाह वलींचा दर्गाही आहे आणि त्याच्या आजूबाजूला मुसलमानांची दाट वस्ती. अशा वस्तीत तलाकची गोष्ट निघते तेव्हा समान नागरी कायद्याबद्दलचे राज्यघटनेचे कलम ४४ कुणाच्या ओठांवर नसते. खर्चा किती मिळणार, पोरे कुणाकडे राहणार, आणि नवरा उद्या भोपाळला, मुंबईला किंवा आखातात निघून गेला तर धरायचे कुणाला, एवढेच विचारले जाते. शाहबानोच्या खटल्याचा इतिहास या प्रश्नांच्या बाजूने वाचला, तर तो जरा वेगळा दिसतो.

ज्या कायद्याखाली शाहबानोने अर्ज केला, त्याचा जन्मच मुळी दयेपोटी झालेला नव्हता. १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे शिल्पकार सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी या तरतुदीचा हेतू सरळ सांगून टाकला होता: टाकलेल्या बायका आणि पोरे रस्त्यावर भटकू नयेत, निदान त्या भटकण्याचे परिणाम टळावेत. गोऱ्या साहेबाला काळजी होती ती बंदोबस्ताची. म्हणूनच ही तरतूद विवाहाच्या कायद्यात न जाता फौजदारी संहितेत गेली आणि म्हणूनच ती सगळ्या धर्मांना सारखी लागू झाली. ज्याच्या अंगात कमावण्याची धमक आहे, त्याने बायकोला आणि लहान मुलांना उपाशी ठेवायचे नाही, नाहीतर तुरुंग. मूल औरस की अनौरस, हेही कायद्याने पाहिले नाही.

रकमेला मात्र झाकण होते. १८९८ च्या संहितेत कमाल ५० रुपये महिना, १९२३ मध्ये १००, १९५५ मध्ये ५००. त्या ५०० वर कायदा २००१ पर्यंत, म्हणजे सेहेचाळीस वर्षे, थिजून राहिला. बायको आणि दोन पोरे मिळून ५००, की प्रत्येकाला वेगवेगळे, हाही वाद चालायचा. प्रत्येकाचा हिशेब वेगळा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९७८ साली, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून. मुलाची भूक आईच्या भुकेत मिसळून मोजायची नाही, ही तशी साधीच गोष्ट. पण ती वदवून घ्यायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

१ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता आली आणि जुने कलम ४८८ हे कलम १२५ झाले. यात दोन बदल महत्त्वाचे होते. पहिला सगळ्यांना माहीत आहे: ‘पत्नी’ या शब्दात पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटिताही धरली गेली. त्याआधी पोटगीचा दावा लागला, की नवरा तलाक देऊन मोकळा व्हायचा. बायकोच उरली नाही तर पोटगी कसली? दुसऱ्या बदलाची चर्चा फारशी होत नाही. पूर्वी अर्ज करायचा तो नवरा जिथे राहतो किंवा जिथे त्याने बायकोबरोबर शेवटचा संसार केला, त्या जिल्ह्यात. टाकलेली बाई सहसा माहेरी जाते, भावाच्या दारात पडते, आणि तिथून शेकडो मैलांवरच्या नवऱ्याच्या गावी तारखांना हजर राहणे तिच्या आवाक्यात नसते. विधी आयोगाने आपल्या एकेचाळिसाव्या अहवालात हे बोलून दाखवले होते. नव्या कलम १२६ ने बायको जिथे राहते तिथेही अर्ज करायची सोय केली. घर बदलणाऱ्या बापांच्या मागे कायदा पहिल्यांदा नीट चालू लागला तो इथे.

त्याआधीच्या काळात न्यायालयांना हे काम शब्दांचा अर्थ ताणून करावे लागे. पंजाबातला एक माणूस आफ्रिकेत पोलिसात नोकरीला होता, बायको आणि मुलगी इकडे. पोटगीचा अर्ज लुधियानात झाला. माझे वास्तव्य आफ्रिकेत, तेव्हा इथल्या न्यायालयाचा संबंध काय, असा त्याचा पवित्रा होता. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की रजेवर येऊन बायकोबरोबर काढलेले थोडे दिवस हेसुद्धा कायद्याच्या दृष्टीने वास्तव्यच. लुधियानाचा अर्ज टिकला.

शाहबानोला गाव बदलावे लागले नव्हते. लग्न १९३२ चे, तीन मुलगे आणि दोन मुली. १९७५ मध्ये नवऱ्याने तिला घराबाहेर काढले, तेव्हा त्याची दुसरी पत्नी घरात होती. एप्रिल १९७८ मध्ये शाहबानोने इंदूरमध्येच अर्ज केला, तोही फक्त स्वतःपुरता.

नवरा वकील होता, म्हणजे कायद्यातल्या फटी त्याला माहीत होत्या. अर्ज चालू असताना ६ नोव्हेंबर १९७८ ला त्याने तिला परत न फिरवता येणारा तलाक दिला. न्यायालयात महरचे, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला कबूल केलेल्या रकमेचे, म्हणून ३,००० रुपये भरले आणि सांगितले, की आता ही माझी पत्नी नाही. इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर पुन्हा लग्न करण्याआधी बाईने थांबायच्या, काळापलीकडे मी तिचे काही देणे लागत नाही. त्याआधी सुमारे दोन वर्षे मी दरमहा २०० देतच होतो. या ३,००० रुपयांमागे डोके होते. नव्या संहितेत कलम १२७ (३) (ब) अशी एक पळवाट ठेवलेली होती: घटस्फोटाच्या वेळी व्यक्तिगत कायद्याप्रमाणे देय असलेली सगळी रक्कम बाईला मिळाली असेल, तर पोटगीचा हुकूम रद्द होऊ शकतो. महर म्हणजेच ती रक्कम, असा त्याचा डाव. त्याच्या दुर्दैवाने मुंबईच्या बाई ताहिरा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच याला उत्तर देऊन ठेवले होते. नाममात्र महर तोंडावर फेकून पोटगी चुकवता येत नाही. ती रक्कम पोट भरण्याइतकी असली पाहिजे.

दंडाधिकाऱ्यांनी शाहबानोचा हक्क मानला आणि २५ रुपये दिले. हक्काचे तत्त्व जिंकले आणि रक्कम हरली, असा हा निकाल. आणि पोटगीच्या दाव्यांत आजही याच तऱ्हेचा विजय मिळालेल्या बायका थोड्या नाहीत. ती मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेली. जुलै १९८० मध्ये रक्कम वाढली: १७९ रुपये २० पैसे. एवढ्यावर नवरा सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेला.

तत्त्वासाठी गेला, असे त्याने म्हणायचे आणि इतरांनी मानायचे. १९८१ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली आणि न्यायमूर्ती वरदराजन यांना बाई ताहिराचा निवाडा बरोबर होता का, अशी शंका आली आणि त्यांनी प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि जमियत उलेमा-ए-हिंद हस्तक्षेपक म्हणून उभे राहिले. शाहबानोच्या बाजूने वकील होते दानियल लतिफी. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, पुण्यात जन्मलेले, सर्वाधिक काळ सरन्यायाधीशपद भूषवलेले, आणि निवृत्तीला तीन महिने उरलेले.

२३ एप्रिल १९८५ ला निकाल लागला. पाचही जणांचे एकमत. कलम १२५ सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. इद्दतीनंतर घटस्फोटिता स्वतःचे पोट भरू शकत नसेल, तर नवऱ्याची जबाबदारी संपत नाही. महर हे तलाकच्या बदल्यात दिलेले मोल नव्हे. या निष्कर्षाला कुराणातल्याच आयतींचा आधार चंद्रचूडांनी दाखवला. खालच्या न्यायालयाच्या २५ रुपयांचा उल्लेख करताना त्यांनी ‘राजेशाही’ अशा अर्थाचा उपरोधिक शब्द वापरला. निकालपत्रात अशी टोचणी क्वचितच वाचायला मिळते.

अपील फेटाळले आणि नवऱ्यावर दाव्याचा खर्च बसवला: १०,००० रुपये. उच्च न्यायालयाच्या दराने ही जवळपास चार वर्षे आठ महिन्यांची पोटगी झाली आणि इंदूरच्या पहिल्या दराने तेहेतीस वर्षांहून अधिक. परिस्थिती बदलली असेल तर पोटगी वाढवून मागायला ती मोकळी आहे, असेही न्यायालयाने शेवटी नोंदवले.

इथे थांबले असते तर कदाचित बरे झाले असते. निकालाच्या शेवटी मात्र समान नागरी कायद्याचा विषय निघाला, कलम ४४ हे मृत अक्षर होऊन पडले आहे, अशी खंत व्यक्त झाली. १७९ रुपये २० पैशांचा निवाडा करायला या परिच्छेदांची गरज नव्हती. त्यांच्यावाचूनही निकाल तितकाच भक्कम उभा राहिला असता. विरोधकांना मात्र त्यांनी आयतेच कोलीत दिले. पोटगीचा प्रश्न एका रात्रीत शरीयतवरच्या हल्ल्याचा प्रश्न झाला.

मोर्चे निघाले. मुस्लिम लीगचे खासदार बनातवाला यांनी निकालाविरुद्ध लोकसभेत खासगी विधेयक आणले. ऑगस्टमध्ये मंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी सरकारच्या वतीने निकालाच्या बाजूने घणाघाती भाषण केले. डिसेंबरच्या पोटनिवडणुकांत काँग्रेसला फटका बसला आणि वारे फिरले. फेब्रुवारी १९८६ मध्ये सरकारच निकाल फिरवायला निघाले, तेव्हा आरिफ खान मंत्रिपद सोडून बाहेर पडले.

महाराष्ट्रात या बाजूने बोलणारी माणसे नव्याने जागी झालेली नव्हती. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला होता, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई १९७७ मध्ये गेले. काम सय्यदभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी चालू ठेवले. सय्यदभाई या कामात ओढले गेले ते बहिणीला मिळालेल्या तलाकमुळे. शाहबानो निकालाच्या बाजूने मंडळाने नोव्हेंबर १९८५ मध्ये कोल्हापूरहून नागपूरच्या दिशेने ‘तलाक मुक्ती मोर्चा’ काढला. वाटेत त्यांना विरोध झाला. पण आपल्याच समाजातल्या टाकलेल्या बायकांना सोबत घेऊन गावोगाव फिरणारा हा जथा त्या सहा महिन्यांतला सगळ्यात प्रामाणिक आवाज होता, असे म्हणायला हरकत नाही.

तिकडे त्याच नोव्हेंबरात शाहबानोच्या अंगठ्याचे एक खुले पत्र प्रसिद्ध झाले. इंदूरची आणि बाहेरची वजनदार मंडळी तिला भेटून गेली होती. निकाल शरीयतच्या विरुद्ध आहे, सबब तो आपल्याला नको, असे त्या पत्रात होते. दहा वर्षांपूर्वी घरातून काढली गेलेली, सत्तरीला टेकलेली बाई ज्या मोहल्ल्यात राहते, तिथल्या लोकांशी वैर पत्करून १७९ रुपये घेऊन करणार काय? तिच्या माघारीला भित्रेपणा म्हणणारे बहुतेक लोक इंदूरबाहेरचे होते.

मे १९८६ मध्ये मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा झाला. त्याने काय हिरावले याची चर्चा घटस्फोटितेपुरती राहिली: इद्दतीच्या काळात ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’, त्यानंतर नातेवाईक, तेही नसतील तर वक्फ बोर्ड. पण कलम ३ च्या पोटात मुलांबद्दलची एक ओळ होती. घटस्फोटिता स्वतः मुले सांभाळत असेल, तर तिला त्यासाठी तरतूद मिळायची ती मुलाच्या जन्मापासून दोन वर्षे.

दोन वर्षे! दुधाचे दात पुरते येईतो. शाहबानोच्या खटल्यात मुलांच्या पोटगीचा प्रश्न नव्हताच, त्यामुळे संसदेतल्या गदारोळात ही ओळ जवळजवळ दुर्लक्षित राहिली. तिचा अर्थ पुढे घराघरांत लावला गेला: बाईची पोटगी इद्दतीपर्यंत, पोराची दोन वर्षांपर्यंत, पुढे बाप मोकळा.

ही गाठ सुटायला अकरा वर्षे लागली, आणि ती सोडवली बिहारमधल्या एका आईने. तीन लहान मुले, नवऱ्याने दुसरे लग्न करून घराबाहेर काढलेले. न्यायालयाने तिला २०० आणि प्रत्येक मुलाला १५० रुपये महिना मंजूर केले. नवऱ्याने इंदूरचाच डाव टाकला: तलाक दिला आणि हुकूम रद्द करा म्हणून अर्ज केला. पाटणा उच्च न्यायालयाने मुलांची पोटगी दोन वर्षांच्या वयापुरतीच धरली. २९ जुलै १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने हे खोडून काढले. ती दोन वर्षांची तरतूद आईची आहे, मूल सांभाळण्याच्या कष्टासाठी तिला मिळणारी. मुलाचा बापाकडचा हक्क कलम १२५ खाली स्वतंत्र आहे आणि आईबापांच्या काडीमोडाने तो तुटत नाही. तो मुलाच्या सज्ञान होण्यापर्यंत, मुलीच्या बाबतीत व्यक्तिगत कायद्याप्रमाणे लग्नापर्यंत. शाहबानोच्या प्रकरणातून निघालेल्या सगळ्या निवाड्यांत हा सर्वांत कमी गाजलेला आणि रोजच्या जगण्यात बहुधा सर्वांत जास्त उपयोगी पडलेला.

शाहबानो १९९२ मध्येच गेली होती. तिचे वकील दानियल लतिफी यांनी १९८६ च्या कायद्याला आव्हान दिले होते. २८ सप्टेंबर २००१ ला त्यावर निकाल आला: कायदा वैध, पण ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ इद्दतीच्या काळात करायची असली तरी ती पुढच्या आयुष्याला पुरेल अशी असली पाहिजे. ज्या कायद्याने निकाल पुसायचा होता, त्याच्याच शब्दांतून न्यायालयाने निकाल परत आणला.

त्याच साली ५०० रुपयांचे झाकणही निघाले. हक्क आणि रक्कम यांची लढाई अशी बरीचशी जिंकली गेली. पत्त्याची लढाई उरली. कारण आता बाप नुसता गाव बदलत नव्हता, देश बदलत होता. कधी आईही मुलाला घेऊन देश बदलत होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या पिढीत असे तंटे होऊ लागले. त्यातला एक १९९७ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. अमेरिकेत जन्मलेला मुलगा तान्हेपणीच आईबरोबर भारतात आलेला, इकडेच वाढलेला. तिकडच्या न्यायालयाचा ताब्याचा हुकूम वडिलांच्या हाती. मुंबई उच्च न्यायालयानेही वडिलांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: परदेशी हुकूम हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, पण बारा-तेरा वर्षे ज्या घरात मूल रुजले तिथून त्याला उपटायचे का, हे त्याच्या हितावरून ठरेल. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे आजही असे प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे लढावे लागते. पोटगीसाठी १९२१ चा एक अंमलबजावणी कायदा पुस्तकात आहे, पण तो एके काळच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या प्रदेशांशी परस्पर वसुलीसाठी केलेला.

देशातल्या देशातही दिरंगाईचा मासला नागपूरने दाखवला. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने २०१५ मध्ये बायकोला १५,००० आणि लहान मुलाला ५,००० रुपये, पुढे मुलाचे १०,००० ठरवले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० ला. त्यात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घालून दिले: दोन्ही पक्षांनी आपल्या मिळकतीचे आणि देण्यांचे शपथपत्र द्यायचे, आणि पोटगी मोजायची ती अर्ज केल्याच्या तारखेपासून. शाहबानोच्या वेळी असे शपथपत्र असते, तर ६०,००० रुपयांचा आकडा नुसता तिचा दावा म्हणून राहिला नसता.

२०१९ च्या तिहेरी तलाकविरोधी कायद्यात बाईला आणि तिच्या मुलांना निर्वाह भत्ता, शिवाय अल्पवयीन मुलांचा ताबा, अशी दोन स्वतंत्र कलमे आली. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या एका खटल्यात पुन्हा सांगितले, की मुस्लिम घटस्फोटितेला १९८६ चा कायदा आहे म्हणून कलम १२५ चे दार बंद होत नाही. त्याच्या नऊ दिवस आधी कलम १२५ संपून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले होते.

नव्या संहितेतही वसुलीची जुनीच रीत राहिली आहे. हुकमाची प्रत बाईला फुकट मिळते. ती घेऊन नवरा जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे जाता येते. माणूस तोच आहे आणि पैसे थकले आहेत, एवढे पटले की तो दंडाधिकारी वसुलीचे वॉरंट काढू शकतो, आणि तरीही पैसे आले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतो. मात्र थकबाकीचा अर्ज पैसे देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. खजरान्यातल्या एखाद्या बाईचा नवरा इंदूर सोडून गेला, तर त्याचा नवा पत्ता शोधून काढायला तिच्या हाती तेवढे बारा महिने असतात.